औषध फुकट, अन्न विकत

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथून नागपूर सुमारे 150 किलोमीटर दूर आहे. तालुक्यातील एखाद्या शेतमजुराला वा कोलाम पोडावरील एखाद्या स्त्रीला कर्करोगाचे निदान झाले, की किरणोपचारासाठी बहुधा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाची किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची वाट धरावी लागते. उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग आता शासकीय योजनेतून भागतो, आणि ही गोष्ट लहान नाही. परंतु दोन खेपांच्या मधल्या काळात हा रोगी घरी परततो, तेव्हा त्याच्या ताटात काय पडते, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या कक्षेत येत नाही. रोग्याला औषध देण्याचे कर्तव्य शासनाने तत्त्वतः मान्य केले आहे. ते औषध सोसण्यापुरते अन्न देण्याचे कर्तव्य मात्र त्याच्या खिशावर आणि नशिबावर सोडले आहे. या विसंगतीचा विचार समाजवादी चळवळीने गांभीर्याने करावयास हवा.

कर्करोगात माणूस झिजतो हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. ‘अंगावरचे मांस उतरले’, ‘माणूस खंगला’ असे लोक म्हणतात. वैद्यकशास्त्राने या झिजेची निश्चित व्याख्या केली आहे. 2011 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरलेल्या निकषानुसार सहा महिन्यांत शरीराचे वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ती या झिजेची खूण मानावी. मुळातच कृश असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी मानावी. 45 किलो वजनाच्या कृश रोग्याचे एक किलो वजन उतरले तरी धोक्याची घंटा वाजली, असा याचा अर्थ. महाराष्ट्रात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे 21 टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या आढळल्या. ज्यांच्या शरीरात साठाच नाही, त्यांच्यावर हा रोग आला तर खर्च करावयास त्यांच्यापाशी आहे काय? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार!

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण खोटी आशा दाखविणे हा गरिबांवरचा आणखी एक अन्याय ठरेल. कर्करोगाची झीज ही केवळ उपासमार नव्हे. रोगामुळे शरीराचा चयापचयच बिघडतो, स्नायू वितळू लागतात, भूक मरते. आणि निव्वळ अधिक अन्न दिल्याने ही झीज पूर्णपणे भरून येत नाही. परंतु रोगाने होणाऱ्या झिजेला उपासमारीच्या झिजेची जोड मिळते, तेव्हा रोगी दुहेरी माराने खचतो. पहिली झीज थोपविणे डॉक्टरांच्याही हाती पूर्णतः नसते. दुसरी थोपविणे मात्र सर्वस्वी समाजाच्या हाती असते. जे हाती नाही त्याची सबब सांगून, जे हाती आहे तेही न करणे याला निष्काळजीपणाखेरीज दुसरे नाव नाही.

या निष्काळजीपणाची किंमत उपचाराच्या खोलीत मोजावी लागते. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाला साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात. याच काळात तोंड सोलवटते, गिळणे अवघड होते, अन्नाची चव जाते. वजन झपाट्याने उतरले की अशक्तपणामुळे उपचारात खंड पडतो. किरणोपचार लांबत गेला तर दर दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे दीर्घ अनुभवांती आढळले आहे. रासायनिक औषधांचेही तसेच. शरीर सोसेनासे झाले की मात्रा कमी करावी लागते किंवा पाळी पुढे ढकलावी लागते. अन्न ही उपचारानंतरची शुश्रूषा आहे हा समज म्हणूनच चुकीचा आहे. अन्न हा उपचाराचाच भाग आहे.

विदर्भात या प्रश्नाला एक खास स्थानिक बाजूही आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा येथे शेताच्या बांधापासून कचेरीच्या पायरीपर्यंत सर्वत्र चघळला जातो. महाराष्ट्र शासनाने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्ऱ्याचा व्यवहार पानठेल्यांवरून चालूच राहिला. सुपारीने तोंडाच्या आतील त्वचा ताठ होत जाते, जबडा पुरता उघडत नाही, आणि पुढे त्यातूनच पुष्कळांना कर्करोग होतो. अशा रोग्याच्या हाती स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदूळ ठेवले तर त्याने ते चावावे कशाने? त्याला पातळ पेज, दूध, अंड्याचे मऊ कालवण, दाण्याचे कूट घातलेली आंबील लागते. कित्येकांना तर नाकातून घातलेल्या नळीवाटेच अन्न द्यावे लागते. आणि रोगी स्त्री असेल तर आणखी एक अडचण. घरातील सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणे ही जिची जन्माची सवय, तिच्यासाठी आणलेले अंडे आणि दूध तिच्याच तोंडी पडेल याची हमी कोण देणार? स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग होणाऱ्या स्त्रियांचा विचार करताना घरातील या विषमतेकडे डोळेझाक करता येणार नाही.

त्यात भर पडते ती चुकीच्या पथ्यांची. साखर खाल्ली की गाठ वाढते, दूध-अंडी वर्ज्य, रोग्याला उपाशी ठेवले की रोगही उपाशी मरतो, अशा समजुती खेड्यांत आहेत आणि शहरांतील सुशिक्षितांतही आहेत. अन्न तोडून रोग मारण्याच्या या प्रयत्नात रोगाआधी रोगी मरतो. झिजत असलेल्या रोग्याचा आहार आटवू नये, असाच तज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे.

आता शासनाने काय केले ते पाहू. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना कर्करोगाच्या उपचारांचा खर्च उचलते. 2023 साली तिचे संरक्षण दर कुटुंबामागे दरसाल पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. या योजनेत रुग्णालयात दाखल असलेल्या रोग्याचे जेवण आणि घरी परतण्याचे एक वेळचे भाडेही धरलेले आहे. रोग्याला जेवण लागते हे तत्त्व शासनास मान्य आहे, असाच त्याचा अर्थ. पण ते रुग्णालयाच्या उंबरठ्यापर्यंतच! 2019 साली केंद्र शासनाने कर्करोगावरील 42 औषधांच्या व्यापारी नफ्यावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली. 2024 च्या अर्थसंकल्पात तीन महागड्या कर्करोग-औषधांवरील आयातशुल्क माफ झाले. 2025 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसा-उपचार केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परंतु या साऱ्या यादीत औषध आहे, यंत्र आहे, इमारत आहे. ताट तेवढे नाही.

ताटाची ही रिकामी जागा बाजार भरून काढतो. रुग्णालयाबाहेरील औषधांच्या दुकानांत प्रथिनांच्या भुकटीचे रंगीत डबे मांडलेले असतात. ही भुकटी कायद्याने अन्न समजली जाते, औषध नव्हे. त्यामुळे औषधांच्या किमतीवरील नियंत्रण तिला लागू होत नाही. विकली मात्र जाते ती औषधाच्या दुकानात आणि औषधाच्या रुबाबात. ज्याला गिळताच येत नाही किंवा ज्याला नळीवाटे मोजून पोषण द्यावे लागते, अशा काही रोग्यांना तयार भुकटीचा खरोखर उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु डबा परवडत नाही म्हणजे पोषणच परवडत नाही, ही भावना गरीब कुटुंबात रुजते तेव्हा दुहेरी हानी होते. एक तर कुटुंब कर्ज काढून डबा आणते, नाही तर सर्वच प्रयत्न सोडून देते.

वस्तुतः यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापसाबरोबर तूर आणि सोयाबीन पिकते. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आणि तुरीचा 8,000 रुपये ठरविण्यात आला. एक किलो सोयाबीनमध्ये सुमारे 360 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे हमीभावाने पाहता शेतकऱ्याच्या दारात सोयाबीनमधील एक ग्रॅम प्रथिनाची किंमत सुमारे 15 पैसे पडते, आणि तुरीतील सुमारे 36 पैसे. हेच सोयाबीन तेलाच्या गिरणीत जाते आणि त्याची प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यासाठी देशात व परदेशात विकली जाते. प्रथिने पिकविणाऱ्या गावातील रोगी प्रथिनांवाचून झिजतो आणि त्याला शहरातून डबा आणावयास सांगितले जाते, यात काही अनैसर्गिक आहे असे अर्थशास्त्र्यांना वाटू नये, हेच नवल!

थोडा साधा हिशेब मांडून पाहावा. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार कर्करोगाच्या रोग्याला दर किलो वजनामागे रोज 25 ते 30 उष्मांक आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत. 45 किलो वजनाच्या रोग्याला यानुसार 1,125 ते 1,350 उष्मांक आणि 45 ते 67 ग्रॅम प्रथिने लागतील. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. त्यातून रोजचे सुमारे 570 उष्मांक आणि 12 ते 18 ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी. आता यात रोज 50 ग्रॅम शेंगदाणे, 50 ग्रॅम फुटाणे, एक अंडे आणि पाव लिटर दूध यांची भर घातली, तर सुमारे 700 उष्मांक आणि 36 ग्रॅम प्रथिने वाढतात. बेरीज 1,270 उष्मांक आणि 50 ग्रॅम प्रथिनांच्या आसपास जाते. चावता न येणाऱ्यासाठी दाणे-फुटाण्यांचे बारीक पीठ गुळासह पेजेत कालवता येते. भाव गावोगावी वेगळे असतील. तरी ही भर रोज 35 ते 40 रुपयांत बसण्याजोगी आहे. दरमहा हजार-बाराशे रुपये, सहा महिन्यांचे सहा-सात हजार. पाच लाखांच्या संरक्षणाशी तुलना केली तर ही रक्कम दीड टक्क्याच्याही आत राहते.

हे तत्त्व नवे नाही. क्षयरोगाच्या बाबतीत केंद्र शासनाने ते स्वीकारलेले आहे. आपल्या भाषेने या रोगाला ‘क्षय’ हे नावच मुळी झिजेवरून दिले. एप्रिल 2018 पासून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 500 रुपये देण्यास सुरुवात झाली. नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1,000 रुपये झाली. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2,800 क्षयरोग्यांना सहा महिने रोज 1,200 उष्मांक आणि 52 ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा शिधा देण्यात आला. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यातील मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळला, आणि शिधा मिळालेल्या कुटुंबांतील इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाणही 39 टक्क्यांनी घटले. कर्करोग हा वेगळा रोग आहे, आणि तेथील आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. परंतु उपचार चालू असताना रोग्याला शिधा पोचविणे ही प्रशासनाला अशक्य गोष्ट नाही, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. क्षयरोग सांसर्गिक आहे. एक रोगी बरा झाला की अनेकांचा बचाव होतो, म्हणून त्याच्यावरील खर्च सार्वजनिक हिताचा. कर्करोग ज्याचा त्याचा. हा युक्तिवाद पाठ्यपुस्तकात शोभेल, परंतु वास्तवात टिकत नाही. शासनाने या रोग्याच्या उपचारावर लाखांत पैसे घातलेलेच आहेत. अन्नाअभावी उपचार अर्धवट राहिला तर तो सर्व खर्च वाया जातो. दीड टक्का वाचविण्यासाठी उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के धोक्यात घालणे याला काटकसर म्हणता येत नाही. आणि समजा, एकाही पैशाची बचत होणार नसली तरी, ज्याचा रोग बरा होणारा नाही त्याने शेवटचे महिने उपाशीपोटी काढावेत काय? माणसाच्या भुकेचे मोल त्याच्या उत्पादकतेवर ठरविणारे अर्थशास्त्र समाजवाद्यांचे असू शकत नाही.

भूकच मेलेल्या रोग्यापुढे ताट ठेवून काय उपयोग, असेही विचारले जाईल. याचे एक आशादायक उत्तर आपल्याच देशातून आले आहे. पुद्दुचेरीच्या जिपमर या शासकीय वैद्यकीय संस्थेत पोट, यकृत-स्वादुपिंड व फुप्फुस यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या 124 रोग्यांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. मानसिक विकारांसाठी दीर्घकाळ वापरात असलेले ओलान्झापिन हे स्वस्त औषध रासायनिक उपचारासोबत अडीच मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत 12 आठवडे देण्यात आले. ते घेतलेल्यांपैकी 60 टक्के रोग्यांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले. न घेतलेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते, हे सांगणे नको. परंतु झिजेवरचा उपाय महागच असला पाहिजे हा समज या चाचणीने खोडून काढला. मात्र परतलेली भूक भागवावयास घरात काही असले पाहिजे. नाही तर भूक वाढविणारे औषध ही गरिबाची क्रूर थट्टाच होईल.

ही व्यवस्था नव्याने उभारण्याची गरजही फारशी नाही. केळापूर तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रासाठी 2015 च्या अखेरीस सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण ताजे जेवण आणि बालकांना अंडी वा केळी देण्याची तरतूद आहे. चूल आहे, शिजविणाऱ्या स्त्रिया आहेत, वजनकाटा आहे. त्याच चुलीवर गावातील एखाद-दुसऱ्या कर्करोग्यासाठी मऊ अन्न शिजविणे आणि आशा कार्यकर्तीने दर पंधरवड्याला त्याचे वजन नोंदविणे यासाठी अतिरिक्त मानधन आणि सामग्री लागेल, पण नवी इमारत लागणार नाही. 1972 च्या दुष्काळात कामांवरील मजुरांना सुकडी वाटणारे हे राज्य आहे. मन असले की यंत्रणा हलते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे आणि तिच्या लाभार्थींत कर्करोग्याचा स्पष्ट उल्लेख आहे. 2023 साली तिची मदत दरमहा 1,500 रुपये झाली. परंतु पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये! एवढ्यात राहणारे कुटुंब कर्करोगाची वाट न पाहता आधीच मरणपंथाला लागलेले असेल. शिवाय दाखले गोळा करून तालुका समितीची मंजुरी मिळेपर्यंत उपचाराचा कठीण काळ उलटून जातो.

धर्मादायी संस्थांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. वऱ्हाडच्या मातीतून आलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिले स्थान भुकेलेल्याच्या अन्नाला होते, आणि त्यांच्या नावाच्या दादर येथील धर्मशाळेने टाटा रुग्णालयात येणाऱ्या असंख्य गरीब रोग्यांना आसरा दिला. कडल्स फाउंडेशनसारखी संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या आहाराची काळजी रुग्णालयांतून वाहते. त्यांच्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु दानाचा हात मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो. पांढरकवड्याच्या पलीकडील पोडापर्यंत पोचावयाचे तर हक्काचाच हात लागतो.

म्हणून मागणी नेमकी असावी. कर्करोगाचे निदान नोंदविले गेले की त्याच दिवसापासून, उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर किमान तीन महिने, क्षयरोग्याला मिळते त्याहून कमी नाही अशी पोषणमदत जनआरोग्य योजनेच्या अंतर्गतच मिळावी. स्वस्त धान्य दुकानातून रोग्याच्या नावे डाळ, दाणे आणि गूळ मिळावा. चावता न येणाऱ्यास अंगणवाडीच्या चुलीवरचे मऊ अन्न मिळावे. ज्यांना डॉक्टरांच्या मते तयार भुकटीच लागते, त्यांना ती रुग्णालयानेच द्यावी आणि तिची खरेदी राज्यभर एकत्रितपणे व्हावी. निराधार योजनेतील उत्पन्नमर्यादा कर्करोग्यापुरती तरी तात्काळ शिथिल व्हावी. आणि हे सर्व कंत्राटदारांच्या पाकिटांत कोंबले जाऊ नये. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली बजावले होते. तरीही महाराष्ट्राने काढलेली पोषण आहाराची मोठी कंत्राटे 2019 साली त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. हा इतिहास ताजा आहे.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपापल्या गावात कर्करोगाचे रोगी किती, त्यांपैकी किती जणांची शिधापत्रिका चालू आहे, निराधार योजनेचे किती अर्ज कोठे अडकले आहेत, गेल्या सहा महिन्यांत कोणाचे वजन किती उतरले, याची साधी वही प्रत्येक शाखेने ठेवावी. चुकीची पथ्ये मोडून काढण्यासाठी घरोघर बोलावे. तहसील कचेरीवर मोर्चा न्यावयाचा तर हातात घोषणांच्या फलकांबरोबर ही वहीही असावी. शासनाला भाषण नाकारता येते. नाव, गाव आणि उतरलेले किलो लिहिलेली वही नाकारणे त्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.